लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना: आधी एक पूर्ण लग्न पाहून घ्या

आपण खानापूर तालुक्यातील नंदगडहून विचारले आहे की, येत्या वैशाखात आपल्या धाकट्या बहिणीचे लग्न बेळगावातील एका मंगल कार्यालयात दुपारच्या मुहूर्तावर आहे, हळद आदल्या संध्याकाळी गावी घरापुढच्या मांडवात आहे, व्याही गोकाक तालुक्यातील कन्नड भाषिक आहेत, आणि फोटो व व्हिडिओसाठी तिघांनी ४५ हजार, ८० हजार आणि १ लाख ४० हजार असे तीन दर सांगितले आहेत. पहिले गृहस्थ ओळखीतले आहेत, दुसऱ्यांचा बेळगावच्या शहापूर भागात जुना स्टुडिओ आहे आणि तिसऱ्यांचे काम बहिणीने मोबाइलवर पाहून पसंत केले आहे. ८४ वर्षांच्या आजींचा एकही धड फोटो घरात नाही, तो या लग्नात निघावा, अशीही आपली इच्छा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी २८ वर्षे लग्नांचे फोटो काढत आलो आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

दराचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि तिघांनाही एकच विनंती करा: गेल्या वर्षभरात आपण स्वतः काढलेले एक पूर्ण लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत, ग्राहकाला दिले तसेच्या तसे आम्हाला दाखवा. नमुन्याच्या अल्बममध्ये किंवा मोबाइलवर आपल्याला दिसतात ते पन्नास लग्नांतून वेचलेले पन्नास फोटो. पन्नास लग्नांत पन्नास चांगले फोटो कोणालाही मिळतात. आपल्या वाट्याला मात्र एकच लग्न येणार आहे, आणि त्या एका दिवसात उन्हाची दुपार आहे, आहेराची लांबलचक रांग आहे, पंगती आहेत आणि शेवटी अंधार पडता पडता गाडीपाशी रडणारी बहीण आहे. फोटो काढणारा या सगळ्यातून सारख्याच लक्षाने गेला आहे का, हे पूर्ण लग्न पाहिल्याशिवाय समजत नाही. दुपारी तीननंतरचे फोटो मुद्दाम बघा. माणूस थकला, की सगळे फोटो एकाच जागेवरून आणि एकाच उंचीवरून काढलेले दिसू लागतात, आणि पंगतीत वाढणारे काका, खरकटी ताटे उचलणारी मुले, बाजूला बसून पान लावणारे पाहुणे अल्बममधून गायब होतात. दाखवायला पूर्ण लग्न नाही, असे कोणी म्हणाले, तर त्यांना आदराने नमस्कार करावा आणि पुढे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फोटो दुसऱ्या कुटुंबाचे असल्याने त्या कुटुंबाची परवानगी घेऊन स्टुडिओतच बसून दाखवतो, असे कोणी म्हणाले, तर मात्र ती त्यांच्या सचोटीची खूण समजावी.

त्या लग्नात नेमके काय पाहायचे, हे एका उदाहरणाने सांगतो. शेवटचे मंगलाष्टक संपते, 'शुभमंगल सावधान'चा शेवटचा घोष होतो, बँड वाजू लागतो, अक्षता उडतात आणि भटजी अंतरपाट बाजूला ओढतात. वधूवरांची पहिली नजरानजर त्यानंतरच्या तीन-चार सेकंदांत होते आणि हार पडताच संपते. त्याच सेकंदांत मोबाइल उंचावलेले वीस हात मध्ये येतात आणि व्हिडिओवाला फोटोवाल्याच्या पुढे घुसतो. जाणता फोटोग्राफर मंगलाष्टके सुरू होण्याआधीच अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला जागा धरून उभा असतो, कारण कापड हटल्यावर दोन्ही चेहरे एका चौकटीत मिळणारी जागा तेवढीच असते. नवराच दिसतो, नवरीची पाठच दिसते, किंवा हार घातल्यानंतर पुन्हा उभे करून घेतलेला फोटो दिसतो, असे असेल तर ती जागा चुकली होती असे समजावे.

याच वेळचा दुसरा फोटो शोधा. आपल्याकडे अनेक घरांत नवरीची आई अक्षतांच्या वेळी समोर थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालत बसते. कार्यालयाच्या मागच्या अंगणात, चपलांच्या ढिगापलीकडे, हातात तांब्या घेऊन एकटी बसलेली आई आणि आतून ऐकू येणारी मंगलाष्टके, हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे, आणि माझ्या हातून निघालेल्या फोटोंपैकी घरच्यांनी सर्वांत जपून ठेवलेले फोटो याच जागेचे आहेत. एकटा माणूस स्टेजवर असताना अंगणात असू शकत नाही, म्हणून दुसरा फोटोग्राफर लागतो, आणि त्या दुसऱ्याला आई कुठे असते हे माहीत असावे लागते. आपल्या घरी ही रीत असेल, तर तिघांनाही विचारा की अक्षतांच्या वेळी दुसरा माणूस कुठे उभा राहील. 'स्टेजखाली, पाहुण्यांचे फोटो काढायला', असे उत्तर आले, तर आपल्या रीती त्यांना कोणीतरी समजावून सांगाव्या लागतील.

आता प्रकाशाविषयी थोडे लिहितो, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे असते. हल्ली कार्यालयांत स्टेजच्या मागे मोठी एलईडी भिंत लावतात आणि तिच्यावर फुले, देऊळ, वधूवरांची नावे फिरत राहतात. कॅमेऱ्याने त्या उजेडाप्रमाणे माप घेतले, की पुढे उभ्या माणसांचे चेहरे काळवंडतात. आणि चेहरे उजळ करण्यासाठी समोरून थेट फ्लॅश मारला, की कपाळ आणि नाक चकाकते व मागचा मांडव काळोखात जातो. सरावलेला माणूस फ्लॅश बाजूला, उंचावर, उजेड मऊ करणारी छत्री किंवा कापडी पेटी (सॉफ्टबॉक्स) लावून ठेवतो आणि भिंतीचा उजेड कमी करायला डेकोरेशनवाल्याला आधीच सांगतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. डोळ्याला ते कळत नाही, पण शटरचा वेग तिच्याशी जुळवला नाही, तर व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. एखादा जुना व्हिडिओ मागून स्टेजवरचा पाच मिनिटांचा भाग मोठ्या टीव्हीवर पाहिलात, तर हा दोष आपल्यालाही ओळखता येईल.

रंगांची परीक्षा त्याहून सोपी आहे. नवरदेवाचे धोतर आणि मुंडावळ्यांतील मोती पांढरे दिसतात का, ते पाहा. पांढरे जर निळसर किंवा पिवळट दिसत असेल, तर हळद, कुंकू आणि साडी यांपैकी एकही रंग खरा नाही. अष्टपुत्रीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा हे रंग आपल्या बायकांना नेमके ठाऊक असतात. म्हणून हे काम आई, मावशी, आत्या यांच्यावर सोपवावे. त्याच वेळी माणसांची कातडी पाहून घ्यावी. चेहरे गोरे करून देणे ही आमच्या धंद्यातील फार जुनी आणि वाईट खोड आहे. शेतात राबलेल्या बापाचा सावळा चेहरा पिठासारखा करून अल्बममध्ये चिकटवणे म्हणजे त्याला परका करणे आहे, आणि मी शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात ते करू नका असे सांगतो.

आपल्या लग्नात दोन भाषा आहेत, ही गोष्ट दरापेक्षा मोठी आहे. व्याह्यांकडे अरिशिण (हळद), सुरगी (विधीचे न्हाणे), अक्किकाळु (अक्षता) हे शब्द चालतील; त्यांच्या विधींचा क्रम आपल्यासारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि एकाच कार्यालयात दोन्हीकडचे विधी असले, की कोणता कधी हे ऐनवेळी बदलते. कन्नड समजणारा फोटोग्राफर त्यांच्या स्वामींचे किंवा भटजींचे बोलणे ऐकून पुढच्या विधीसाठी अर्धा मिनिट आधी जागेवर पोहोचतो. न समजणारा सगळे उठले की उठतो. बेळगाव परिसरातील बहुतेक फोटोग्राफर दोन्ही भाषा बोलतात, पण आपल्याकडे प्रत्यक्ष येणारा माणूस बोलतो का, हे विचारावे. त्यांना गोकाकच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंशी दहा मिनिटे फोनवर बोलायला सांगा आणि विधींची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायला लावा. त्या यादीत दोन-तीन गोष्टी अशा निघतील, ज्या आपल्यालाही ठाऊक नसतील.

यालाच जोडून एक प्रश्न आजच सोडवा. आपल्या भागात पुष्कळदा वराकडचे त्यांचा फोटोवाला घेऊन येतात आणि वधूकडचे आपला, आणि स्टेजवर सहा माणसे एकमेकांच्या फोटोत येतात. एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा व्हिडिओ बिघडवतो. शक्य असेल तर दोन्ही घरांनी मिळून एकच चमू ठरवावा आणि खर्च वाटून घ्यावा. ते जमत नसेल, तर स्टेजवरचे विधी एकाने आणि पाहुणे, पंगत, वरात दुसऱ्याने अशी वाटणी करून फोटो एकमेकांना द्यावेत. व्याह्यांशी हे बोलणे बस्त्याच्या वेळी सहज होते. लग्नाच्या दिवशी तेच बोलणे भांडणासारखे वाटते.

त्यानंतर विचारायचा प्रश्न असा, की प्रत्यक्ष येणार कोण. वैशाखात मुहूर्त दाटीने असतात आणि एकाच तारखेला एका स्टुडिओकडे तीन-तीन कामे असतात. मालक एका ठिकाणी जातो, बाकीची कामे बाहेरच्या मुलांना रोजावर दिली जातात. यात लबाडी असतेच असे नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात मीही असाच रोजावर जात असे आणि कष्टाने काम करीत असे. पण आपण ज्याचे काम पाहून पैसे देत आहात, तो माणूस आला पाहिजे. येणाऱ्या फोटोग्राफरची आणि व्हिडिओग्राफरची नावे ठरावाच्या कागदावर लिहून घ्या, आणि तो आजारी पडला तर कोण येईल हेही लिहून घ्या. आपले तिसरे दर सांगणारे कोण आहेत हे मला ठाऊक नाही, परंतु मोबाइलवर दिसणारे काम चमूतील नेमके कोणाचे आहे, हे त्यांना विचारण्यात काही गैर नाही.

यंत्रसामग्रीबद्दल ग्राहक मला कॅमेऱ्याची कंपनी आणि मॉडेल विचारतात. त्यापेक्षा एकच विचारा: कॅमेरा एका वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, आणि रात्री घरी गेल्यावर ते किती ठिकाणी उतरवले जातात. हा प्रश्न मी सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका घरची संपूर्ण हळद मी एकाच कार्डावर काढली आणि दुसऱ्या दिवशी ते कार्ड उघडलेच नाही. काही फोटो दुरुस्तीवाल्याकडून परत मिळाले, बरेचसे मिळाले नाहीत. नवरीच्या आजोबांनी तिला हळद लावतानाचा फोटो गेला, आणि ते आजोबा पुढच्या पावसाळ्यात वारले. मी पूर्ण पैसे परत केले, त्या घरच्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण तो फोटो कोणत्याही पैशाने परत येणारा नव्हता. त्या दिवसापासून मी दोन कार्डांशिवाय एकही लग्न काढले नाही आणि त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर सगळे उतरवल्याशिवाय कार्ड पुसले नाही. दोन डिस्क एकाच कपाटात ठेवल्या तर चोरी किंवा आगीत दोन्ही जातात, म्हणून एक स्टुडिओत आणि एक घरी असते.

आकार किती असतो याचा अंदाज असावा, म्हणून सांगतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने काढला, तर तासाला ४५ जीबी लागतात. इतके सांभाळायला पैसे लागतात, म्हणून बहुतेक स्टुडिओ काही महिन्यांनी जुने काम पुसतात. आपण स्वतः एक टेराबाइटची नवी डिस्क विकत घेऊन द्या आणि सर्व तयार फोटो व व्हिडिओ तीवर घ्या. पेन ड्राइव्हवर कायमचा भरवसा ठेवू नये.

ठराव कागदावर हवा. मराठीत लिहिलेला चालेल, फक्त दोघांनाही वाचता आला पाहिजे. हळदीला किती वाजता यायचे, नंदगडपर्यंतच्या प्रवासाचे आणि मुक्कामाचे पैसे दरात आहेत का, तयार फोटो किती आणि किती दिवसांत, अल्बमचा आकार काय आणि शीट किती, हे सगळे त्यात यावे. आपल्याकडे १२ बाय ३६ इंचांचा अल्बम सर्वसाधारण चालतो. ३० शीटमध्ये दीडशेच्या आसपास फोटो नीट बसतात, त्याहून जास्त कोंबले की माणसे नखाएवढी होतात. अल्बमच्या उशिराबद्दल फोटोग्राफरला दोष दिला जातो, पण खरे सांगायचे तर निम्म्या वेळा फोटो निवडून द्यायलाच घरचे चार-सहा महिने लावतात. निवडीची तारीख आपणही लिहून द्या. पैशांचे म्हणाल, तर विसार, लग्नाच्या दिवशी मोठा हप्ता आणि अल्बम हातात आल्यावर राहिलेले, असे तीन भाग दोघांनाही न्याय्य वाटतात. जीएसटी दरात धरला आहे का, हेही विचारा. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे आहे त्यांना नोंदणी करावी लागते आणि या सेवेवर १८ टक्के कर आहे. म्हणजे १ लाख ४० हजारांचे बिल कर वेगळा असेल तर १ लाख ६५ हजार २०० होते.

फोटोंच्या मालकीबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो, आमच्या धंद्यातल्या लोकांचासुद्धा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार केलेला नसेल तर, पैसे देऊन काढून घेणाराच असतो. म्हणून छापील फॉर्मवर सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा. स्टुडिओला जाहिरातीसाठी फोटो वापरायची मुभा त्यात बहुधा असते. बहिणीचे फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत, एवढे एक वाक्य हाताने लिहून घ्यावे. ठरल्याप्रमाणे काम झाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे हाच कागद उपयोगी पडतो.

ड्रोनसाठी पैसे देऊ नका, असा माझा सल्ला आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि कॅन्टोन्मेंट आहे, सांब्र्याला विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, आणि लष्करी ठिकाणांभोवतीच्या लाल क्षेत्रात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही. गावी हळदीला उडवायचा असेल, तर डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर जागा तपासून आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र पाहूनच हो म्हणावे. लग्नाआधीच्या फोटोंसाठी राजहंसगड, जांबोटी, गोकाकचा धबधबा अशी ठिकाणे सुचवली जातात. जागा सुंदर आहेत, पण खडकांवर आणि कड्यावर उभे करून फोटो काढणाऱ्याबरोबर मुलांना पाठवू नका, आणि बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिरासारखे संरक्षित स्मारक किंवा जंगलाचा भाग असेल, तर परवानगी कोण काढणार ते आधी ठरवा.

तीन दरांपैकी कोणता, याचे उत्तर आता देता येईल. ओळखीतल्या गृहस्थांच्या ४५ हजारांत दुसरा फोटोग्राफर बसत असेल असे मला वाटत नाही. ते एकटे असतील, तर तुळशीपाशी बसलेल्या आईचा फोटो निघणार नाही. तिसऱ्यांच्या दरात ड्रोन, दुसरा अल्बम आणि झटपट बनवायची छोटी फिल्म धरली असेल, तर ती वजा करून दर विचारा. तो बराच खाली येईल. शहापूरच्या जुन्या स्टुडिओवाल्यांनी याच किंवा अशाच कार्यालयातील पूर्ण लग्न दाखवले, स्वतः येण्याचे लिहून दिले आणि कन्नड बोलणारा दुसरा माणूस बरोबर ठेवला, तर मी माझ्या घरच्या लग्नासाठी त्यांनाच सांगितले असते. ठरल्यावर त्यांना एकदा दुपारी बाराच्या सुमारास कार्यालयात घेऊन जा, कारण मुहूर्ताच्या वेळी कोणत्या खिडकीतून ऊन येते हे त्याच वेळी गेल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही घरच्या माणसांच्या गटफोटोंची यादी करा, वीसपेक्षा जास्त नको, आणि माणसे गोळा करण्याचे काम एखाद्या हुशार मामांकडे किंवा आत्यांकडे द्या. आपल्याला ते जमणार नाही. लाजाहोमाच्या लाह्या बहिणीच्या ओंजळीत आपणच घालणार आहात, कानपिळीला आपणच असणार आहात, त्यामुळे त्या वेळी फोटोवाल्याला काही सांगायला आपण मोकळे नसाल.

आजींचा फोटो मात्र कार्यालयावर सोडू नका. तिथल्या गर्दीत, उजेडात आणि आवाजात ८४ वर्षांचा माणूस गोंधळून जातो आणि फोटोत तेच दिसते. हळदीच्या दिवशी फोटोग्राफरला दोन तास आधी, ऊन कलण्यापूर्वी गावी बोलवा. आजींना त्यांच्या रोजच्या जागी, सोप्यातल्या दाराजवळ, बाहेरचा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येईल असे बसवा. फ्लॅश नको, नवी पैठणी नको. त्यांना आवडते ते लुगडे असू द्या. बहिणीला शेजारी बसवून दोघींना काहीतरी निवडायला किंवा सोलायला द्या, म्हणजे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडत नाही, आणि फोटोग्राफरला सांगा की पहिली दहा मिनिटे कॅमेरा मांडीवरच ठेवून त्यांच्याशी नुसते बोला.